शेक संपले, आता पुढे काय? : वाचकांचे प्रश्न

गर्भाशयमुखाचा, म्हणजे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आणि त्याच्या आधीची अवस्था यांबद्दल नाशिक जिल्ह्यातून आलेली काही पत्रं या अंकात घेतली आहेत. ‘वाचेन का?’ असं विचारणारी पत्रं त्यांत कमीच आहेत. उपचार झाले, शेक (म्हणजे किरणोपचार, रेडिएशन) संपले, रिपोर्ट चांगले आले, तरी रोजचं जगणं रुळावर येत नाही, ही बहुतेकींची तक्रार आहे. नावं छापलेली नाहीत आणि मजकूर थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : वय ३६, निफाड तालुका. शिबिरात पिशवीच्या तोंडाला औषध लावून तपासलं तेव्हा पांढरा डाग दिसला. नाशिकला दुर्बिणीतून बघून तुकडा काढला, रिपोर्टमध्ये ‘सीआयएन ३’ आलं. दहा दिवसांपूर्वी ‘लीप’ केलं, कालपासून परत लाल जातंय. घरात माझं ताट-वाटी वेगळं केलंय. नणंद म्हणते, पिशवीच काढून टाक. मला झोप लागत नाही. बागेत कामाला कधी जाऊ?

उत्तर : ताई, सीआयएन ही कॅन्सरच्या आधीची अवस्था, तिच्या १ ते ३ अशा पायऱ्या असतात. तुकड्याच्या रिपोर्टमध्ये सीआयएन ३ आहे, म्हणजे त्या तुकड्यात कॅन्सर सापडलेला नाही. बिघडलेल्या पेशी अजून वरच्या अस्तरातच आहेत. अस्तराखालचा पातळ पडदा त्यांनी ओलांडला, तरच त्याला कॅन्सर म्हणतात. तिथवर पोचायला सहसा दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागतो, आणि सगळ्याजणींत ते होतंही नाही. सीआयएन ३ तसंच सोडलं, तर तीस वर्षांत १० पैकी साधारण ३ जणींना कॅन्सर होतो. त्या तीन कोण हे आधी ओळखता येत नाही, म्हणून दहाही जणींवर उपचार करतात. सीआयएन १ मात्र बहुतेक वेळा आपोआप जातं. त्यावर नुसतं लक्ष ठेवलं तरी पुरतं.

लीपमध्ये विजेवर चालणाऱ्या बारीक तारेच्या फासाने बिघडलेला भाग कापून काढतात. हा भाग पुन्हा तपासायला जातो. आता तुम्ही हातात घेऊन बघायचा रिपोर्ट तो आहे, पहिला नाही. त्यात दोन गोष्टी विचारा : आत कुठे कॅन्सर दिसला का, आणि कडा मोकळ्या आहेत का. कडांवर बिघडलेल्या पेशी असतील तर दोष परत येण्याचा धोका वाढतो आणि तपासण्या लवकर कराव्या लागतात. कडा मोकळ्या असतील तर एकाच उपचारात १० पैकी ९ जणींचं काम होतं.

रक्ताचं म्हणाल, तर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान जखमेवरची खपली सुटते आणि एक-दोन दिवस पाळीसारखं लाल जातं. ते ठीक आहे. त्याआधी-नंतर दोन ते चार आठवडे पाणचट, तपकिरी किंवा काळपट जाणंही अपेक्षितच असतं. पण तासाभरात पॅड पूर्ण भिजतंय आणि असं सलग दोन तास चाललंय, मोठ्या गाठी पडताहेत, ताप १००.४ च्या वर गेलाय, घाण वास येतोय किंवा ओटीपोटात दुखणं वाढतंय, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

चार आठवडे संबंध नको. आत काही ठेवायचं नाही, आतून धुवायचं नाही, पाळी आली तर फक्त पॅड. विहिरीत पोहणं किंवा गोदावरीत डुबकीही या चार आठवड्यांत टाळा. अंगावर पाणी घेऊन आंघोळ खुशाल करा. डिपिंग-थिनिंगसारखं (द्राक्षांचे घड औषधात बुडवणं, विरळणी) हलकं काम चक्कर किंवा दुखणं नसेल तर दोन-तीन दिवसांनी सुरू करता येतं. भरलेले क्रेट उचलणं आणि पाठीवरचा पंप मात्र दोन-तीन आठवडे दुसऱ्या कुणाकडे द्या. पोटावर जोर आला की खपली वेळेआधी सुटू शकते आणि रक्त वाढू शकतं. दहाव्या दिवशी परत लाल जाऊ लागलं की ‘काम केलं म्हणून झालं’ असं बायका स्वतःलाच बोल लावतात. बऱ्याचदा ती फक्त खपलीच असते.

पिशवी काढण्याची घाई करू नका. नुसतं पांढरं जातं म्हणून किंवा सीआयएन १ आहे म्हणून पिशवी काढायला सांगणाऱ्यांपासून तर चार हात लांबच राहा. त्यात आणखी एक मोठा धोका आहे. तुकडा नीट न तपासता साधं ऑपरेशन केलं आणि नंतर आत कॅन्सर निघाला, तर पुढचा उपचार कठीण होतो, कारण कॅन्सर असताना करायचं ऑपरेशन आजूबाजूचे ऊतक आणि लसीकाग्रंथी (लिम्फ नोड) घेऊन, वेगळ्या पद्धतीने करायचं असतं. तुमच्या बाबतीत वर्षभराने एचपीव्हीची, म्हणजे हा आजार ज्या विषाणूमुळे होतो त्याची, चाचणी करायची. ती सोय नसेल तर डॉक्टर सांगतील त्या अंतराने पॅप (पिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) करायची. पुढेही कित्येक वर्षं ही तपासणी सोडायची नाही. आणखी मूल हवं असेल तर तीन ते सहा महिने थांबा, आणि दिवस राहिल्यावर ‘माझं लीप झालंय’ हे पहिल्याच भेटीत सांगा. पिशवीच्या तोंडाचा मोठा भाग काढलेला असेल तर बाळंतपण दिवस भरण्याआधी होण्याचा धोका थोडा वाढतो.

ताट-वाटीमुळे, कपड्यांमुळे किंवा एका अंथरुणात झोपल्यामुळे हा आजार पसरत नाही. पुढच्या भेटीला सासूबाईंना किंवा नवऱ्याला बरोबर न्या आणि लीपच्या रिपोर्टमध्येही कॅन्सर नसेल तर ‘हा कॅन्सर नाही’ हे वाक्य डॉक्टरांना त्यांच्यासमोर मोठ्याने म्हणायला लावा. सुनेच्या तोंडून आलेलं आणि डॉक्टरच्या तोंडून आलेलं यांत घरात फरक पडतो. झोपेबद्दल एवढंच की प्रीकॅन्सरच्या बायकांना शरीराचा त्रास थोडा आणि धास्तीचा फार, हे नेहमीचं चित्र आहे. दोन आठवड्यांनीही झोप येत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. तिथे गेल्याने कुणी वेडं ठरत नाही.

प्रश्न : सिन्नर. बायकोची एचपीव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली. कुणाकडून आलं असेल? मीही तपासणी करू का?

उत्तर : या रिपोर्टवरून कुणाच्याही चारित्र्याचा निष्कर्ष काढता येत नाही. हा विषाणू संबंध ठेवणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी लागतो आणि बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत निघूनही जातो. तो वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतो, त्यामुळे तो कधी आला हे कुठलीही चाचणी सांगू शकत नाही. लग्नाआधीचा असेल, तुमच्याकडूनही आलेला असेल. पुरुषांसाठी याची नेहमीची अशी चाचणी नाही, तेव्हा पैसे घालवू नका. तुम्ही तंबाखू किंवा विडी ओढत असाल तर ती घरात बंद करा. धुरामुळे हा विषाणू शरीरातून जायला वेळ लागतो. बायकोबरोबर पुढच्या तपासणीला जा, तुमच्याकडून एवढं काम आहे.

प्रश्न : सिडको, नाशिक. आईचं वय ५२, टप्पा २-बी (कॅन्सर पिशवीच्या तोंडाशेजारच्या ऊतकात पोचलेला). २५ शेक आणि आठवड्याला एक किमो, मग आतून शेक असं सांगितलंय. तिसऱ्या आठवड्यात जुलाब आणि लघवीला जळजळ सुरू झाली. मामेबहिणीच्या लग्नासाठी चार दिवस सुट्टी घेतली तर चालेल का? लहान नातू तिच्याजवळ झोपतो, त्याला काही होईल का?

उत्तर : लग्नाला संध्याकाळी जाऊन या, पण शेक चुकवू नका. बाहेरचे आणि आतले मिळून सगळे शेक आठ आठवड्यांच्या आत संपले पाहिजेत. त्यापुढे दिवस लांबले की दर दिवसागणिक आजार आटोक्यात राहण्याची शक्यता थोडी थोडी कमी होत जाते. मशीन बंद पडलं किंवा सुट्टी आली तर बुडालेला शेक कसा भरून काढणार, हे विभागात त्याच दिवशी विचारा. नातवाला काही होत नाही. बाहेरचा शेक घेतल्यावर अंगात किरण राहत नाहीत. आतल्या शेकातही किरणांचा स्रोत उपचार संपताच काढून घेतात. मांडीवर घ्या, जवळ झोपवा.

आता जुलाब. पोटाच्या खालच्या भागात शेक पडतो, तिथे लहान आतडं असतं आणि त्याचं अस्तर सोलवटतं. म्हणून बहुतेक विभागांत शेकाआधी लघवी करून अर्धा लिटर पाणी प्यायला सांगतात आणि अर्धा-पाऊण तासाने टेबलावर घेतात. भरलेलं मूत्राशय आतड्याला वर ढकलतं आणि आतडं किरणांच्या वाटेतून बाजूला होतं. जळजळ होते म्हणून आई पाणी कमी पीत असेल, तर जुलाब वाढण्याचं तेही एक कारण असू शकतं. रोज तेवढंच पाणी आणि तेवढाच वेळ, हा नियम मोडू नका.

खाणं : मऊ भात, मुगाचं पातळ वरण, पिकलेलं केळं, सालं काढून शिजवलेलं सफरचंद, ताक, उकडलेलं अंडं. कच्च्या कोशिंबिरी, मटकी, मेथी, ठेचा, जास्त दूध हे जुलाब थांबेपर्यंत बंद. नाशिकात राहून मिसळ सोडायची म्हणजे शिक्षाच आहे, पण महिनाभर सोडा. द्राक्षंही सालीसकट नकोत. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा पातळ झालं तर ओआरएस सुरू करा. जुलाब थांबवायच्या गोळ्या विभागाला विचारूनच घ्या. रक्त पडलं, ताप आला किंवा लघवी कमी झाली तर थेट दाखवा. या किमोचा, म्हणजे सिस्प्लॅटिनचा, भार मूत्रपिंडांवर पडतो. त्यामुळे दर डोसाआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासलंय ना, हे तुम्हीच बघा, आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी जाऊ द्या. हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेलं तर शेकाचा परिणाम कमी पडतो, म्हणून रक्त चढवावं लागेल का हेही वेळेत विचारा. शेकाच्या जागी हळद, तेल, साबण, पावडर काही नको. नुसतं कोमट पाणी, सैल सुती कपडे, आणि शाईच्या खुणा पुसायच्या नाहीत.

प्रश्न : वय ४१, पंचवटी. शेक संपून आठ महिने झाले. तपासणीत सगळं ठीक आहे. पण संबंध ठेवताना असह्य दुखतं, कोरडं पडलंय, अंगातून वाफा निघतात, चिडचिड होते. डॉक्टरांशी हे बोलायची लाज वाटते. नवरा काही म्हणत नाही, पण वेगळा झोपतो.

उत्तर : या अंकात सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची आहेत, आणि दवाखान्यात सगळ्यात कमी बोललं जातं तेही यावरच. तुमच्या सगळ्या तक्रारींची कारणं शरीरात आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर उपाय आहेत.

शेकाने योनीमार्गाचं अस्तर आधी सोलवटतं. समोरासमोरच्या दोन सोललेल्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि काही महिन्यांत तिथे कडक, न ताणणारं ऊतक तयार होतं. मार्ग अरुंद होतो, आखूड होतो. बीजकोषही त्याच शेकात निकामी होतात, म्हणून चाळिशीतच पाळी जाते आणि वाफा, कोरडेपणा, चिडचिड एकदमच येतात. ‘वयाचं असेल’ म्हणून सोडू नका.

पहिला उपाय डायलेटर. गुळगुळीत प्लास्टिकच्या किंवा सिलिकॉनच्या कांड्या असतात, पातळ ते जाड अशा संचात मिळतात. जिथे शेक घेतले त्या विभागात विचारा. खरं तर हे शेवटच्या शेकानंतर दोन ते चार आठवड्यांत, सूज उतरल्यावर सुरू करायचं असतं. तुमचे आठ महिने झालेत, म्हणून आधी तपासणी करून घ्या. चिकटलेली जागा डॉक्टर बोटाने हलकी मोकळी करू शकतात. त्यानंतरची पद्धत अशी. कांडी साबणाने कोमट पाण्यात धुवा. पाण्यात विरघळणारं, वास नसलेलं वंगण कांडीच्या टोकाला आणि स्वतःलाही लावा. पाठीवर झोपून गुडघे दुमडा, खोल श्वास सोडा आणि सगळ्यात पातळ कांडी दाब जाणवेल इथपर्यंत आत न्या. दुखायला लागलं की तिथेच थांबा, पुढे ढकलू नका. पाच ते दहा मिनिटं ठेवा, मधून मधून हळूच गोल फिरवा. काढून धुवा, कोरडी करून ठेवा. आठवड्यातून दोन-तीनदा. एक माप सहज जाऊ लागलं की पुढचं. किमान दोन वर्षं हे चालू ठेवायचं असतं, आणि हे बायकांना कुणी सांगत नाही म्हणून दोन महिन्यांत कांडी कपाटात जाते. संबंध नसले तरी करायचं. मार्ग बंद झाला तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना आतलं काही दिसत नाही.

कांडीवर थोडं गुलाबी लागलं तर चालतं. लाल रक्त वाहिलं किंवा दुसऱ्या दिवशीही दुखत राहिलं तर थांबून दाखवा. बहुतेकींचं चुकतं ते घाईत : एका बैठकीत मोठं माप घालायचं, दुखतं म्हणून महिना सोडायचं, मग परत पहिल्यापासून.

कोरडेपणासाठी संबंधाच्या वेळी वंगण, आणि रोजच्यासाठी योनीमार्गात लावायचं मॉइश्चरायझर किंवा इस्ट्रोजेनचं मलम. ‘कॅन्सर झालाय म्हणजे हार्मोन नको’ ही समजूत स्तनाच्या कॅन्सरवरून आली आहे. पिशवीच्या तोंडाचा नेहमीचा, म्हणजे स्क्वॅमस प्रकारचा कॅन्सर हार्मोनवर वाढत नाही. त्यामुळे चाळिशीच्या बाईला पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन देता येतात. पिशवी जागेवर असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनही द्यावं लागतं. तुमचा प्रकार अ‍ॅडेनोकार्सिनोमा असेल तर निर्णय वेगळा होऊ शकतो, म्हणून तुकड्याचा रिपोर्ट घेऊन जा. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचंही याच भेटीत विचारा.

बोलायची लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून न्या : ‘शेकानंतर संबंधात दुखतं. डायलेटर आणि हार्मोनबद्दल सांगा.’ नर्स ताईंच्या हातात दिली तरी चालेल. नवऱ्याबद्दल म्हणाल, तर आपल्यामुळे तिला इजा होईल किंवा आपल्याला आजार लागेल या भीतीने पुष्कळ नवरे लांब झोपतात आणि बायकोला वाटतं, मी नकोशी झाले. दोन्ही भीतींना एक भेट पुरते, दोघांनी मिळून घेतलेली.

प्रश्न : कळवण. ऑपरेशन आणि शेक दोन्ही झाले. वर्षाने डावा पाय सुजू लागलाय.

उत्तर : लसीकाग्रंथी काढल्या आणि वर शेक दिले की पायातला लसीकाद्रव (लिम्फ, पेशींभोवतालचं पाणी) वर जायला वाट उरत नाही, त्यामुळे सूज येते. पण अचानक एकाच पायाला आलेली, दुखरी सूज रक्ताच्या गुठळीची किंवा आजार परतल्याचीही असू शकते. म्हणून आधी सोनोग्राफी, मालिश नंतर. लसीकेचीच सूज निघाली तर मापाचे दाबमोजे, फिजिओथेरपिस्टकडून शिकलेली हलकी मालिश, आणि शेतात अनवाणी जायचं नाही. त्या पायाला काटा टोचला किंवा खरचटलं तर लगेच धुऊन औषध लावा. पाय लाल, गरम होऊन थंडीताप आला तर त्याच दिवशी प्रतिजैविकं लागतात.

प्रश्न : आशा सेविका, पेठ तालुका. उपचार झालेल्या बायका ‘बरी आहे’ एवढंच सांगतात. नेमकं काय विचारू?

उत्तर : ‘कशी आहेस?’ विचारलं की ‘बरी’ हेच उत्तर येणार. संशोधनात यासाठी ठरलेल्या प्रश्नावल्या वापरतात. कॅन्सरच्या कुठल्याही रुग्णासाठी ३० प्रश्नांची क्यूएलक्यू-सी३० आहे आणि गर्भाशयमुखासाठी तिला जोडून २४ प्रश्नांची सीएक्स२४. गेल्या आठवड्यात अमुक त्रास किती झाला, ‘अजिबात नाही’ ते ‘खूप’ अशा चार पायऱ्यांवर बहुतेक उत्तरं घ्यायची. संबंधांविषयीचे प्रश्न मात्र गेल्या चार आठवड्यांबद्दल असतात. तुम्हाला अख्खी प्रश्नावली नको. तिच्या धर्तीवर घरात एकांत मिळेल तेव्हा हे विचारा : संडासला धावत जावं लागतं का, शौचातून रक्त जातं का? लघवी कपड्यात होते का? पाणी भरणं, भाकरी थापणं पूर्वीसारखं जमतं का? पाय सुजतो का? संबंधात दुखतं का, की भीतीने टाळतेस? उपचारासाठी घेतलेलं कर्ज अंगावर आहे का?

कर्जाचा प्रश्न गाळू नका. पेठ-सुरगाण्याकडून नाशिकला वारंवार यायचं म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडते, आणि पुढच्या तपासणीला न येण्यामागे पुष्कळदा तेवढंच असतं. शौचातून रक्त हे शेकानंतर सहा महिने ते दोन वर्षांत सुरू होऊ शकतं. अशा बाईला पाठवताना चिठ्ठीवर ‘पोटाच्या खालच्या भागात शेक झालेत’ हे ठळक लिहा. ते माहीत नसताना कुणी गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा काढला तर ती जखम भरत नाही आणि तिथे भोक पडू शकतं. पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी तपासणी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. तारखा तुमच्या वहीत ठेवा, तिच्या फाइलवर विसंबू नका.

प्रश्न : नाशिकरोड. परळला टाटाला तपासणीसाठी जावं लागतं. प्रवासात सवलत मिळते का?

उत्तर : मिळते. रेल्वेत उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला सेकंड क्लास आणि एसी चेअर कारमध्ये ७५ टक्के, तर स्लीपर आणि थ्री टिअर एसीमध्ये पूर्ण सवलत आहे. सोबतच्या एका माणसालाही या चारही वर्गांत ७५ टक्के. म्हणजे पंचवटी एक्सप्रेसने बसून गेलात तर दोघांनाही पाव भाडं. यासाठी रुग्णालयाने रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात सही-शिक्क्यासह दिलेला दाखला लागतो आणि तो तिकीट खिडकीवर द्यावा लागतो. निघण्याच्या दिवशी ऐन वेळी रांगेत उभं राहण्यापेक्षा आधी आरक्षण करा, आणि परतीचा दाखला टाटातच मागून घ्या. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहेच, त्याला दाखला नको. सोबत पुरुष असेल तर त्याचं पूर्ण भाडं धरा. उपचाराच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणाऱ्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड, आधार आणि तुकड्याचा रिपोर्ट दाखवा. मंजुरी उपचार सुरू होण्याआधी लागते, नंतर जोडलेली बिलं घेत नाहीत.